नकाशात नसलेला पंधरा नंबर

मर्व्ह होलक्रॉफ्टच्या कुरणावर दर नव्या वर्षाला तीन दिवसांचा संगीतमेळा भरायचा. त्याच्या छापील नकाशात चौदा नंबरनंतर एकदम सोळा नंबर यायचा. चौदा म्हणजे पिण्याचं पाणी, सोळा म्हणजे संडास. पंधरा नंबर कुठेच नव्हता. तरी दुपारी बारा वाजता त्या नसलेल्या पंधरा नंबरच्या तंबूपुढे चाळीस माणसांची रांग लागलेली असायची, कारण एखादा आकडा मुद्दाम गाळला की लोक आधी तोच शोधत येतात.

त्या तंबूत लोक आपापल्या खिशातल्या नशेच्या गोळ्या तपासून घेत. म्हणजे मित्राच्या मित्राकडून, रस्त्यावरच्या कुणाकडून, ‘अगदी खात्रीच्या’ माणसाकडून आणलेली गोळी गिळण्याआधी ती खरोखर कशाची आहे ते बघून घेत. तंबूत टोस्टरएवढं एक यंत्र होतं, थेंबथेंब टाकायच्या रसायनांच्या काही बाटल्या होत्या, नको झालेली गोळी विरघळवून टाकायला एक बादली होती, आणि सदुसष्ट वर्षांच्या नोलीन मॅकस्किमिंगबाई होत्या.

त्या वर्षांतला कायदा मोठा सोवळा होता. तपासणाऱ्याने गोळीला नुसतं बोट लावलं तरी गोळी त्याच्या ताब्यात आली आणि तो गुन्हेगार झाला. आपल्या जमिनीवर असलं काही चालतं हे मालकाला माहीत असलं की तोही गुन्हेगार. माहीत नसलं तर सज्जन. त्यामुळे मर्व्हला काहीही माहीत नसणं हे मेळ्याच्या तयारीतलं सगळ्यांत मोठं काम होतं, आणि त्यासाठी ऑक्टोबरपासून बैठका व्हायच्या. बैठकीत मर्व्ह मेंढ्यांची लोकर कातरताना घालायचं ते कानावरचं जाड लाल झाकण घालून बसायचा. विमा कंपनीचा माणूस खिडकीबाहेर बघायचा. गावच्या परिषदेची बाई इतिवृत्तात ‘चहापानाच्या व्यवस्थेवर चर्चा’ असं लिहायची. तंबू उभारायचा ठराव अशा रीतीने एकमताने मंजूर व्हायचा.

नोलीनबाई त्या तंबूत कशा आल्या हे गावाला अजून कोडंच आहे. त्या चर्चच्या महिला मंडळाच्या चिटणीस होत्या. बाग, बोलिंग क्लब आणि शाळेची प्रयोगशाळा एवढंच त्यांचं जग होतं. प्रयोगशाळेत त्या मदतनीस होत्या. एकतीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या विसळल्या, विषांच्या कपाटाची किल्ली सांभाळली आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठीचं त्यांना वेडच होतं. घरात साखरेच्या बरणीवर ‘साखर’, मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ आणि नवऱ्याच्या खिळ्यांच्या डब्यावर ‘खिळे, निम्मे वाकडे’ अशी चिठ्ठी असायची. नवरा वारल्यावर त्यांच्या मैत्रिणी म्हणाल्या, स्टुअर्टच्याही अंगावर चिठ्ठी असेल तर बघा. नोलीनबाईंनी ते हसून घेतलं. असलं हसू त्यांना सवयीचं होतं.

हे वेड कुठून आलं ते त्या सहसा सांगत नसत. त्या अकरा वर्षांच्या असताना त्यांच्या धाकट्या भावाने, कीथने, शेडमधली सरबताची बाटली तोंडाला लावली. बाटली सरबताची होती; आत मेंढ्यांना गोचिडांसाठी बुडवतात ते औषध होतं. कीथ सहा वर्षांचा होता. त्या बाटलीत काय आहे हे बापाला माहीत होतं, काकाला माहीत होतं, गड्याला माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं, म्हणून तर कुणी लिहून ठेवलं नव्हतं. कीथ दोन दिवस जगला. नोलीनबाईंना त्याचा आवाज आता आठवत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटतं.

तर वेलिंग्टनहून मेरेआना पाराटेने नावाची रसायनतज्ज्ञ मुलगी आपलं यंत्र घेऊन गावात आली, तेव्हा निषेध करायला जे मंडळ गावाच्या हॉलवर गेलं त्याच्या अग्रभागी नोलीनबाईच होत्या. हातात फलकही होता. मेरेआनाने टेबलावर बाटल्या मांडल्या. प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख, उघडल्याचा दिवस आणि सही, सगळं सुवाच्य अक्षरात. नोलीनबाईंनी फलक भिंतीला टेकवला, चष्मा बदलला, सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाल्या, “ही तारीख पुसट झालीय. पण बाकी ठीक आहे. तुम्हाला माणूस हवाय का?”

महिला मंडळाने त्यांच्याशी तीन महिने अबोला धरला. चौथ्या महिन्यात मंडळाला चहाबरोबरचे स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, भाजणारं दुसरं कुणी मिळेना, तेव्हा अबोला सुटला.

तंबूत त्यांना एकच त्रास होता. एकतीस वर्षं मुलांच्या हातून नळी काढून घेऊन ‘अशी धर’ म्हणायची सवय. हात आपोआप पुढे जायचे. पहिल्याच दिवशी मेरेआना दोनदा किंचाळली, “नोलीन आंटी, हात!” मग नोलीनबाईंनीच तोड काढली. तंबूतल्या प्रत्येकाने काम करताना दोन्ही हातांत चहाचा मग धरायचा. हात मोकळा नाही, म्हणजे गोळीला लागायचा प्रश्न नाही. आलेल्या माणसाने आपल्याच नखाने कण काढायचा, आपल्याच हाताने यंत्राच्या काचेवर ठेवायचा, आपणच दांडी दाबायची. समोर मग धरून उभ्या असलेल्या बाईने फक्त तोंडाने सांगायचं. बघणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी बारशाला आलेली मंडळी आहेत. तंबूला नाव पडलं चहाचा तंबू, आणि मर्व्ह दिवसातून दोनदा कानावर झाकण चढवून तिथे चीज स्कोन खायला यायचा. यंत्राकडे पाठ करून बसायचा. “काय छान तंबू आहे,” म्हणायचा. “इथे नेमकं काय चालतं देव जाणे.”

त्या शनिवारी दुपारी अडीचला रोलंड नावाचा ऑकलंडचा दंतवैद्य आला. वय एक्कावन्न, अंगात गुलाबी फ्लेमिंगोचा पोशाख, डोक्यावर चोच. त्याने पिवळी, घुबडाचा छाप असलेली गोळी काढली.

“तपासायची तशी गरज नाही,” तो म्हणाला. “माझा माणूस खात्रीचा आहे.”

“सगळ्यांचाच असतो,” नोलीनबाई मगात फुंकर घालत म्हणाल्या. “अजून एकही बेभरवशाचा माणूस या तंबूत आलेला नाही बघा. कण काढा. लहान. लहान म्हटलं मी, दाढेएवढा नको.”

यंत्राने दोन मिनिटं घेतली. मेरेआनाने पडद्याकडे बघितलं आणि हातातला मग खाली ठेवायला गेली; नियम आठवला तसा तिने तो परत धरला. गेल्या तासाभरातली ही तिसरी पिवळी घुबडवाली गोळी. तिन्हींत, जे म्हणून विकलं होतं त्याचा मागमूस नव्हता. दुसरंच रसायन होतं. ते चढायला वेळ लावतं; माणसाला वाटतं गोळी कच्ची निघाली, म्हणून तो दुसरी घेतो, तिसरी घेतो, आणि मग सगळ्या एकदम चढतात. दोन दोन दिवस झोप नाही, छाती धडधडते, झटके येतात. काही जण उठतच नाहीत.

“किती होत्या त्याच्याकडे?” मेरेआनाने विचारलं.

“पिशवी भरून,” फ्लेमिंगो म्हणाला. त्याची चोच आता हातात आली होती. “तीनशे असतील. मोठा कार्यक्रम पाचला आहे ना, सगळे साडेचारला घेणार.”

नोलीनबाईंनी घड्याळ बघितलं. पावणेतीन. तंबूबाहेरच्या फळ्यावर इशारा लिहून झाला होता, पण तो वाचणार कोण, तर जे तपासायला आले तेच. ज्यांची माणसं खात्रीची होती ते चार हजार लोक कुरणभर पसरून सॉसेज खात होते. त्यांच्यापर्यंत पोचेल असा एकच आवाज होता, मुख्य मंचावरचा, आणि त्याची किल्ली मर्व्हकडे होती.

मर्व्ह तंबूतच, पाठ करून, दुसरा स्कोन खात होता.

“मर्व्ह, काढ ते कानावरचं.”

“काय म्हणालीस? ऐकू येत नाहीये.”

“मग उत्तर कसं दिलंस?” नोलीनबाईंनी मगाच्या कडेने त्याचं झाकण एका कानावरून वर सरकवलं. “पिवळी गोळी घातक आहे. मंचावरून सांग. आत्ता.”

मर्व्हचा चेहरा पडला. तो दुष्ट माणूस नव्हता. नुसता भित्रा आणि परिषदेचा सभासद होता. “अगं, मी सांगितलं तर मला माहीत होतं असं होईल ना! माहीत होतं म्हणजे मी मुद्दाम चालू दिलं. वकिलाने लेखी दिलंय मला. जमीन जाईल, परवाना जाईल, तुमचा हा तंबू पण जाईल. मग पुढच्या वर्षी कोण तपासणार?”

“आणि या वर्षी मेले तर?”

“तर ते मला माहीत नसताना मेले,” मर्व्ह म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याने हातातला स्कोन ताटात ठेवला.

“मर्व्ह होलक्रॉफ्ट,” नोलीनबाई म्हणाल्या, “तू वर्षातून तीनदा मेंढ्यांच्या लेंड्या डबीत भरून, वर नाव-गाव लिहून प्रयोगशाळेत पाठवतोस. पोटात किती जंत आहेत ते कळल्याशिवाय तू मेंढीला औषधाचा थेंब देत नाहीस. नवीन चारा आला की आधी त्याचा नमुना जातो. आणि ही माणसं?”

“मेंढ्यांना कायदा लागू नाही,” मर्व्ह हताशपणे म्हणाला. त्याने झाकण परत कानावर ओढलं, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. पण पाण्याने काही इशारा जाहीर होत नाही.

कॉन्स्टेबल विरेमू टाउतारीची गाडी झाडांच्या पलीकडे, तंबू दिसणार नाही अशा बेताने उभी असायची. तशी बोलणीच झालेली होती. नोलीनबाई तरातरा तिकडे गेल्या. विरेमू त्यांच्याच शाळेतला. त्याने एका वर्षात सहा परीक्षानळ्या फोडल्या होत्या आणि सातवी नोलीनबाईंनी त्याच्या हातात दिली नव्हती.

“मिसेस मॅक, काही सांगू नका,” तो दोन्ही हात वर करून म्हणाला. “तुमच्या तिथलं मी काही ऐकलं, की मला तंबू बंद करावा लागेल. आणि पोलीस ऐकीव गोष्टीवर इशारा देत नाहीत. वस्तू हातात लागते. जप्ती होते. मग वरिष्ठ बोलतात. तोवर नाही.”

“जप्ती होते म्हणजे?”

“म्हणजे कुणाच्या ताब्यात सापडली तर.”

नोलीनबाईंनी मनाशी हिशेब मांडला. तज्ज्ञाने यंत्रातून बघून सांगितलं तर ते ऐकीव. मालकाने सांगितलं तर तो गुन्हा. सांगायचा हक्क होता तो फक्त पकडलेल्या माणसाला. एवढं सरळ होतं तर आधी का नाही सुचलं, असं वाटून त्यांना स्वतःचाच राग आला.

त्या तंबूत परतल्या. तीन वाजून दहा झाले होते. त्यांनी गळ्यातला बिल्ला काढला आणि मेरेआनाच्या पुढ्यात ठेवला.

“मी राजीनामा दिला. वेळ लिहून ठेव.”

“आंटी, काय करताय तुम्ही?”

“तुला माहीत नाही. तुला काही माहीत नसू दे, तुझ्या यंत्रासाठी ते बरं.” मग त्या फ्लेमिंगोकडे वळल्या. “तुम्ही जरा बाहेर चला. ती गोळी बादलीत नका टाकू. कुंपणाच्या त्या तिसऱ्या खांबावर विसरा.”

“विसरू?”

“विसरा हो! एक्कावन्न वर्षांचे आहात, एवढं जमेल तुम्हाला.”

दंतवैद्य गोळी विसरला आणि गुलाबी शेपूट सावरत पळाला. नोलीनबाईंनी चहाचा मग खांबाच्या पायाशी गवतात ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे हात रिकामे झाले होते. त्यांना भीती वाटली. चर्च आठवलं, बोलिंग क्लब आठवला, सोमवारी दुकानात काय कुजबूज होईल ते आठवलं. मग शेडमधल्या फळीवरची ती बाटली आठवली, आणि त्यांनी गोळी उचलून मुठीत घेतली.

“विरेमू,” गाडीच्या खिडकीशी जाऊन त्यांनी मूठ उघडली. “ही माझी. मला पकड.”

“मिसेस मॅक, जा हो घरी. मी काही बघितलं नाही.”

“या गावात बघितलंय तरी कुणी काय? नीट बघ. पिवळी, घुबडाचा छाप. नसेल पकडायचं तर मी मंचावर जाऊन सगळ्यांदेखत खाते.”

विरेमूने कपाळाला हात लावला आणि कागद काढले. जप्तीच्या पिशवीवर त्याने लिहिलं, ‘एक पिवळी गोळी, घटक अज्ञात’. नोलीनबाईंनी सही करायला नकार दिला.

“अज्ञात नाही. मला ज्ञात आहे. खोड ते.” त्यांनी रसायनाचं पूर्ण नाव सांगितलं. विरेमूला लिहिता येईना. शेवटी आरोपीनेच पिशवी आणि पेन घेऊन स्वच्छ अक्षरात नाव लिहिलं, खाली तारीख, वेळ आणि ‘दुसरी घेऊ नये’ असा शेरा मारला.

विरेमूने शहरातल्या सार्जंटला फोन लावला. सार्जंटचा आवाज गाडीबाहेर ऐकू येत होता.

“तज्ज्ञाचा अहवाल आहे का?”

“नाही साहेब. आरोपीने कबूल केलंय.”

“कबूल केलंय?” सार्जंटचा सूर एकदम मवाळ झाला. “मग ठीक आहे. मग पक्कं आहे. दे इशारा.”

चार वाजून पाच मिनिटांनी मंचावरून कॉन्स्टेबल टाउतारीने जाहीर केलं की पोलिसांनी एका वृद्ध महिलेकडून पिवळी घुबड छापाची गोळी जप्त केली आहे, ती भलत्याच विषारी रसायनाची आहे, आणि ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती घेऊ नये. मग चाचरत म्हणाला, “चहाच्या तंबूत... म्हणजे संडासाच्या अलीकडे एक बादली आहे.” मर्व्ह मंचाच्या कडेला होता आणि त्याने हे सगळं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड उघडं टाकलं. तेवढा अभिनय त्याला येत होता.

त्या संध्याकाळी बादलीत दोनशे अकरा पिवळ्या गोळ्या पडल्या. जेवणाच्या वेळीच गोळी घेतलेले दोघे डॉक्टरांच्या तंबूत तळमळत पडले, दोघेही वाचले. मोठ्या कार्यक्रमाला चार हजार माणसं नाचली आणि चार हजार घरी गेली.

फेब्रुवारीत कोर्टात नोलीनबाई उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का. त्या म्हणाल्या, “चहाचा मग गवतात विसरून आले, त्याचा होतो. लग्नातला सेट होता.” शिक्षा झाली नाही, पण नावापुढे ‘दोषी’ लागलं ते लागलंच. बोलिंग क्लबने त्यांच्याकडून मानाचं पद काढून घेतलं. महिला मंडळाने ठराव मांडला, चर्चा केली आणि स्कोनचा विचार करून तो पुढे ढकलला.

पुढे कायदा बदलला. गोळ्या तपासणं उजळ माथ्याने सुरू झालं. तपासणाऱ्यांना आता गोळीला हात लावता येत होता, फक्त रीतसर परवाना हवा होता. नोलीनबाईंनी त्याच आठवड्यात अर्ज भरला. अकरावा प्रश्न होता, अमली पदार्थाच्या गुन्ह्यात कधी दोषी ठरला आहात का. एकतीस वर्षं खोटी चिठ्ठी न लावणाऱ्या बाईने ‘होय’ लिहिलं आणि तारीखही घातली. तीन आठवड्यांनी पत्र आलं. आपल्या तळमळीबद्दल आभार, परंतु गोळ्या हाताळण्याचं काम अशा पूर्वेतिहासाच्या व्यक्तीकडे सोपवता येत नाही. त्या रात्री त्या रडल्या. मग पत्रावर ‘नकार’ अशी चिठ्ठी लावून त्यांनी ते फायलीत ठेवलं.

त्या वर्षीच्या नकाशात पंधरा नंबर ठळक छापला होता, वर हिरवा रंगही होता. मेरेआनाच्या हाताखाली चार नवी, निष्कलंक मुलं होती. नोलीनबाईंना तंबूच्या दोरीबाहेर, तीन पावलांवर टेबल मिळालं होतं. चहा, चीज स्कोन, आणि प्रत्येक ताटापुढे घटकांची यादी. आतून मेरेआना मधून मधून ओरडून विचारायची, “आंटी, ही तारीख बरोबर आहे का हो?” आणि त्या बाहेरून सांगायच्या. आत जायची परवानगी नव्हती.

अकरा वाजता उद्घाटन झालं. परिषदेची बाई आली, विम्याचा माणूस आला, महिला मंडळही टोप्या घालून आलं. मर्व्हने नवा कोट घातला होता. त्याने आपलं लाल झाकण नोलीनबाईंच्या टेबलावर, स्कोनच्या ताटाशेजारी ठेवलं, “हे आता कशाला लागतंय,” म्हणाला, आणि फीत कापायला गेला.

ध्वनिक्षेपक खरखरला.

“मित्रहो,” मर्व्ह म्हणाला, “माणसाचा जीव वाचवणारी ही सेवा माझ्या जमिनीवर आज चौथ्या वर्षात पाऊल टाकते आहे. आणि मला सांगायला अभिमान वाटतो, की मला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

नोलीनबाईंनी टेबलावरचं झाकण उचललं, फुंकून साफ केलं आणि आपल्या कानांवर चढवलं. मग समोरच्या माणसाला विचारलं, “साखर किती?” आणि त्याने दाखवलेली दोन बोटं बघून दोन चमचे घातली.